आशाताईंसाठी आम्ही धावणार आहोत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्हा तरुणांना दोन शब्द बोलायला सांगितले आहे. धावण्याचा विषय निघाला तेव्हा वस्तीतल्या एका आजीने विचारले, "आरं, पळून पैसं कसं येत्यात? पैसं घिऊन तर चोर पळतंय!" सगळे हसले. पण प्रश्न खरा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बारामतीच्या लताबाई करे. साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या. नवरा आजारी, एम.आर.आय. तपासणी सांगितलेली, हातात पैसा नाही. २०१३ साली बारामतीत ज्येष्ठांची धावण्याची शर्यत होती, बक्षीस ५,००० रुपयांचे. लताबाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. २०२० साली 'लता भगवान करे' हा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्या कामाचा विशेष उल्लेख झाला. लोक टाळ्या वाजवतात. आम्हाला मात्र वाटते, नवऱ्याच्या तपासणीसाठी म्हातारपणी पळावे लागते यात कौतुक बाईंचे आहे, आपले नाही.

दुसरे उदाहरण परदेशातले. इंग्लंडमधले निवृत्त लष्करी अधिकारी टॉम मूर. एप्रिल २०२० मध्ये, वयाची शंभरी भरण्याआधी, चालण्याचा आधार धरून त्यांनी आपल्या बागेत १०० फेऱ्या मारायचे ठरवले. मनात होते १,००० पौंड, जमले ३ कोटींच्या वर, आणि ते तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या धर्मादाय संस्थांना गेले. पुढे घरच्यांनी त्यांच्या नावाने वेगळी संस्था काढली आणि तिच्या कारभारावर तिथल्या धर्मादाय आयोगाने २०२४ साली ठपका ठेवला. आधीच्या निधीशी त्याचा संबंध नव्हता, पण नाव खराब झालेच. म्हणून आमची वही उघडी राहील, कुणीही बघावी.

आता आपल्याकडे येतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्या-मुंबईहून माणसे गावी परतत होती. आशाताई दारोदार फिरून कोण आले, कुणाला ताप आहे हे लिहून घेत होत्या. आम्ही काय केले? दार अर्धे उघडून आतूनच उत्तरे दिली. ऊन मी म्हणत होते, आणि आमच्यापैकी एकानेही तांब्याभर पाणी उंबऱ्याबाहेर ठेवले नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी पाणवठ्यापासून लांब उभे राहून वरून ओतलेले पाणी ओंजळीने प्यायले, त्या आम्ही! ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले, ही कथा याच विहारात आम्ही किती वेळा ऐकली होती.

शासनाच्या लेखी आशा म्हणजे स्वयंसेविका. पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी जाऊन बाळाला पाहायचे, त्याचे २५० रुपये. एका खेपेला ४२ रुपयेही पडत नाहीत. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या त्या काही हौसेने नव्हे. कुणी म्हणेल, हे सरकारचे काम, आपण वर्गणी का काढायची? खरे आहे. आपल्या वर्गणीने सरकार सुटत नाही. त्यांचा मोर्चा निघाला तर तिथेही आपण गेले पाहिजे.

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. तेवढा दम आमच्यात नाही, उगाच फुशारकी कशाला? आम्ही अर्धी, म्हणजे २१ किलोमीटर धावणार, पहाटे, भूमच्या रस्त्याने. किलोमीटरला १ रुपया म्हटला तर घरटी २१ रुपये. आजी, पैसं असं येत्यात! कुणी धापा टाकत मध्येच बसला, तर तो जेवढा धावला तेवढेच द्या.

काय घ्यायचे ते आशाताईंनाच विचारले. शाल नको, सत्कार नको, म्हणाल्या. पावसाळ्यात चिखलातून शेतवस्तीवर जायला गमबूट आणि रात्रीच्या बाळंतिणीसाठी चांगली बॅटरी पाहिजे. एक ताई जरा थांबून म्हणाल्या, "आन् दारात गेलं की बस म्हणा."

वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. पहिले नाव आजीचे आहे, किलोमीटरला २ रुपये. सराव रविवारपासून पहाटे पाच वाजता, विहारासमोरून. मुलींनीही यावे, बायांनीही यावे. बूट नसले तरी चालेल.