पाठ सरळ ठेवा, पण आधी पोतं हलकं करा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



कारखान्यांत, गोदामांत आणि कार्यालयांत जाऊन अर्गोनॉमिक्सचं प्रशिक्षण देणं हा माझा व्यवसाय आहे. शब्द जरा जड आहे, पण जुना आहे. 'एर्गॉन' म्हणजे काम आणि 'नोमॉस' म्हणजे नियम. या दोन ग्रीक शब्दांपासून पोलंडमधल्या यास्त्शेंबोव्स्की नावाच्या निसर्गअभ्यासकानं तो १८५७ साली बनवला. पुढे १९४९ साली इंग्लंडमध्ये ह्युवेल मरेल यांनी तोच शब्द नव्यानं सुचवला आणि मग तो जगभर रुळला. अर्थ मात्र अगदी साधा आहे. माणसाला कामाच्या मापात बसवायचं नाही, काम माणसाच्या मापाचं करायचं.

आता 'प्रशिक्षण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? एक सभागृह, समोर पडदा आणि पडद्यावर दोन चित्रं. एकात माणूस कमरेतून वाकून खोकं उचलतो आहे, त्यावर लाल फुली. दुसऱ्यात तो गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून उचलतो आहे, त्यावर हिरवी खूण. तासाभरानं चहा येतो, हजेरीपत्रकावर सह्या होतात आणि मंडळी आपापल्या जागेवर परततात.

याचा उपयोग किती होतो? २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले अभ्यास एकत्र तपासून निष्कर्ष मांडला. ओझं कसं उचलावं एवढंच शिकवल्यानं कामगारांची पाठदुखी टळते, याला पुरावा मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला यात नवल वाटलं नाही. माणूस चित्राप्रमाणे वाकत नाही, जागा वाकवेल तसा वाकतो. खोल पेटीच्या तळाशी पडलेला नग काढायचा असेल, तर गुडघे वाकवून काय साधणार? पेटीची कड छातीला लागते आणि हात तळाशी पोचत नाही!

नुसता उपयोग होत नाही, एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर मी आज हा विषय घेतला नसता. पण त्या हजेरीपत्रकाचा पुढे वेगळाच वापर होताना मी पाहिला आहे. कामगाराची कंबर धरते, तो रजा मागतो, तेव्हा त्याला ऐकवलं जातं, "तुला शिकवलं होतं ना? सही आहे तुझी." म्हणजे जागा तशीच, वजन तेवढंच, आणि दोष मात्र ज्याची पाठ गेली त्याचा. असं प्रशिक्षण नसलेलं बरं.

मग शिकवायचं काय? मी थोडं गणित शिकवतो. अमेरिकेतल्या 'नायोश' या कामगार आरोग्याच्या संस्थेनं १९९१ साली ओझ्याचं एक सुधारित सूत्र दिलं. सगळं अनुकूल असेल, म्हणजे ओझं अंगाजवळ, साधारण हात सोडल्यावर मूठ येते त्या उंचीवर, पकड चांगली आणि पिळा न घेता उचलायचं, तर मर्यादा २३ किलो. आता तेच ओझं पायांच्या घोट्यांपासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर मर्यादा निम्मी होते, साडेअकरा किलो. त्यातून ते जमिनीवरून उचलायचं असेल, तर सुमारे ९ किलो. वारंवार उचलायचं किंवा अंग वळवून ठेवायचं असेल, तर आणखी कमी. हे फळ्यावर मांडलं की वर्गातलं कोणीतरी आपणहून म्हणतं, "मग माल जमिनीवर ठेवायचाच कशाला?" त्या क्षणी प्रशिक्षण खरं सुरू होतं.

हमालांचं उदाहरण घ्या. आपल्या बाजारपेठांत शंभर किलोंचं पोतं पाठीवर घेण्याची रीत होती. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं पुरुष कामगारासाठी सुचवलेली कमाल मर्यादा होती ५५ किलो. शंभर किलोंखाली वाकलेल्या माणसाला 'पाठ सरळ ठेवा' हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? बाबा आढाव आणि हमाल पंचायतीनं पोतं ५० किलोंचंच असावं असा आग्रह धरला, तो म्हणूनच मला अर्गोनॉमिक्सचा उत्तम धडा वाटतो. त्यांनी उचलण्याची पद्धत बदलायला सांगितलं नाही, पोतं बदलायला सांगितलं.

लहान कारखान्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनंच एक प्रशिक्षणपद्धत विकसित केली आहे. तिच्यात भाषण आधी नसतं. आधी हातात तपासणीचा तक्ता घेऊन सगळ्यांनी प्रत्यक्ष कामाच्या जागेत फिरायचं. चुका मोजत बसायचं नाही, काय करता येईल यावर खूण करायची आणि जिथे कोणी आधीच चांगली युक्ती केली आहे ती टिपायची. मग लहान गटांत बसून कमी खर्चाच्या दोन-तीन सुधारणा ठरवायच्या. या फेरीत कामगार हवा, मुकादम हवा, आणि खरेदी व देखभाल बघणारे तर हवेतच. कारण टेबलाची उंची कामगार ठरवत नाही, ते मागवणारा ठरवतो.

अशाच एका फेरीत पॅकिंगच्या टेबलापाशी एका मावशींच्या पायाखाली लाकडी खोका दिसला. सुपरवायझर म्हणाले, "मावशी, तपासणीच्या वेळी हा खोका काढायला सांगितला होता ना?" मावशी म्हणाल्या, "साहेब, खोका काढला की हात खांद्याला येतात. संध्याकाळी वेणी घालवत नाही." आमच्या गटानं मापं घेतली. हलक्या कामासाठी टेबल कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली असावं, जोर लावायच्या कामाला त्याहून खाली. मावशींचं टेबल त्यांच्या कोपराच्याही वर होतं. ज्या खोक्याला अव्यवस्था म्हटलं जात होतं, तोच त्या खोलीतला एकमेव शहाणा विचार होता. सुताराकडून फळ्यांचा रुंद, न डगमगणारा पाट करून घेतला. खर्च नगण्य, आणि शिकवणारी मावशीच!

उभ्यानं काम करणाऱ्यांना बसायची सोय हवी, हे १९४८च्या कारखाने कायद्याच्या ४४व्या कलमात लिहिलेलं होतं. दुकानांतल्या विक्रेत्या मुलींपर्यंत मात्र ते पोचलं नव्हतं. केरळमधल्या कापड दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी आवाज उठवला, तेव्हा २०१८ साली तिथे आणि २०२१ साली तमिळनाडूत बसण्याचा हक्क कायद्यात आला. कामाची जागा सगळ्यांत जास्त कळते ती तिथे दिवसभर उभं राहणाऱ्याला, हेच यातून दिसतं.

कार्यालयात आणि घरातही हेच. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. पडदा नजरेसमोर आणला तर हात वर जातात, हात नीट ठेवले तर मान खाली जाते. वेगळा कळफलक घेऊन लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा. खुर्चीत पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट घ्या. आणि आज घरी गेल्यावर बघा, ओट्यावर कणीक मळणाऱ्या व्यक्तीचे खांदे उचलले जातात का. जात असतील, तर परात खालच्या टेबलावर जायला हवी.

श्रोतेहो, तुमच्याकडे असं प्रशिक्षण झालं, तर तीन प्रश्न जरूर विचारा. आम्हाला कामाच्या जागेवर नेलं का? वस्तू खरेदी करणारे साहेब वर्गात बसले होते का? आणि महिन्याभरानं जागेवर काय बदललं? तिसऱ्याचं उत्तर 'काही नाही' असं असेल, तर पुढच्या वेळी हजेरीपत्रकावर सही करताना शेजारी एक ओळ लिहा : 'माझं टेबल उंच आहे.' सही तुमची आहे, तर त्या कागदावर तुमचं म्हणणंही असू द्या.