शनिवारचा मुक्काम
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



२०२३ च्या जूनमध्ये मी व आपल्या मंडळातील माझ्या शेजारच्या वहिनी युरोपच्या सहलीला गेलो. तेथील देखाव्यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला सांगावयाचे आहे ते जेवणाचे आणि शनिवारचे.

आम्ही बेने इस्राएल. कोकणात आमच्या पूर्वजांना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. आमच्या खाण्याचे नियम तुम्हां शेजारणींना ठाऊक आहेतच. कोलंबी-खेकडा नाही, मटणाला दूधदह्याचा स्पर्श नाही. म्हणून तर आमचा रस्सा नारळाच्या दुधातला! परंतु ज्या भांड्यात इतरांचे मांस शिजले त्यातला साधा भातही चालत नाही, हे सहलीच्या व्यवस्थापकाला पटविणे कठीण गेले. “शाकाहारी आहे ना, मग झाले,” असे त्याचे म्हणणे. विमानातले कोशेर जेवण तेवढे आगाऊ कळविल्यामुळे सीलबंद मिळाले. एरवी कोरी किटली, पोहे, ठेपले व सबंध फळे यांवर मी बारा दिवस काढले. स्वित्झर्लंडमध्ये तर आमच्या पद्धतीने जनावर कापण्यास १८९३ पासून बंदी आहे. कोशेर मांस बाहेरून येते. तेथल्या ग्रुयेर चीजला मी हात लावला नाही, तेव्हा वहिनींनी कारण विचारले. वासराच्या जठरातील रसाने त्याचे दूध विरजतात, असे सांगताच त्यांनीही बशी दूर सारली.

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ. विस्तव पेटवावयाचा नाही, वाहनात बसावयाचे नाही, पैशाला शिवावयाचे नाही. आमच्यातील सारेच इतके काटेकोर पाळतात असे नव्हे; मी पाळते. शनिवारी ल्युसर्नलाच मुक्काम राहील असे निघण्यापूर्वी मला तोंडी सांगितले होते. शुक्रवारी सकाळी कळले की, बस शनिवारी इन्सब्रुकला निघणार. “एकीसाठी चाळीस माणसे थांबवू का?” व्यवस्थापक म्हणाला. त्याचेही खोटे नव्हते. लेखी घेतले नाही ही चूक माझी.

मी मागे राहावयाचे ठरविले. पण साठी उलटलेली बाई, परका मुलूख. छातीत धडधड होतीच. वहिनी म्हणाल्या, “ताई, माझी एकादशी तुम्ही माझ्याआधी लक्षात ठेवता. मी राहते.”

दुपारीच खोलीचे जादा पैसे भरले, रविवारची तिकिटे काढली. जूनमध्ये आपल्याकडे सव्वासातला सूर्य मावळतो, तेथे सव्वानऊनंतर. हॉटेलात ज्योत लावण्यास मनाई, म्हणून बॅटरीचे दोन दिवे वेळेआधी लावून ठेवले. काळ्या मनुकांचे सरबत, दोन ठेपले आणि प्रार्थना.

शनिवारी चार जिने पायी. खोलीची किल्ली म्हणजे विजेवर चालणारे कार्ड. ते वहिनी स्वतःसाठी लावीत आणि मी मागून आत शिरे. ‘माझ्यासाठी लावा’ असे सांगणेही नियमात बसत नाही, याची त्यांना फार गंमत वाटली. रिकाम्या हातांनी मी लाकडी कॅपेल पुलावर दोनदा जाऊन आले. छत्री, पैसे सारे त्यांच्याकडे.

दिवसभर त्यांनी माझ्याबरोबर थंडच खाल्ले होते. रात्री साडेदहा वाजता शब्बाथ संपताच मी दोघींच्या चहासाठी किटली लावली.

रविवारी झुरिकला गाडी बदलून इन्सब्रुक गाठले. व्यवस्थापकाने माझ्यासाठी न सोललेली केळी राखून ठेविली होती.