हरलेल्या टीमची जर्सी

  कुणी बसमध्ये असाल, कुणी मेसच्या लाईनीत, कुणी झोपायच्या आधी अंधारात इयरफोन घालून पडला असाल. जिथे असाल तिथे सहा-सात मिनिटं माझ्यासोबत राहा.

आज सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी आरसीबीचा फॅन आहे. हसून घ्या! गाव नगर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात आणि टीम बेंगळुरूची. शाळेत असताना विराटमुळे हे वेड लागलं ते आजतागायत सुटलं नाही.

29 मे 2016, रविवार. फायनल, तीही आपल्याच चिन्नास्वामीवर. हैदराबादचे 208. आपली सुरुवात कशी, तर साडेदहा ओव्हरमध्ये बिनबाद 114! मी हॉस्टेलच्या पोरांना पार्टी कबूल करून मोकळा झालो होतो. आणि 8 रनांनी हरलो. त्या सीझनला एकट्या कोहलीने 973 रन काढले होते, तरी कप नाहीच. पुढच्या वर्षी तर कहर झाला. 23 एप्रिलला ईडन गार्डनवर 132 करायचे होते, आख्खी टीम 49 वर ऑलआऊट. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तीच लाल जर्सी घालून मेसमध्ये गेलो. पोरांनी ताटं वाजवली. मी मान वर करून जेवलो.

हे लक्षात ठेवा, कारण आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं.

2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पप्पा ऑक्सिजनवर होते. अकरा दिवस. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साखळी प्रार्थना लावली होती, तासातासाला एकेक कुटुंब. रात्री दोन ते तीन माझी वेळ. मी आयुष्यात कधी केली नव्हती तशी प्रार्थना केली. बाराव्या दिवशी पहाटे पप्पा गेले. दफनाला आम्ही मोजून पाच जण होतो.

त्यानंतर मी देवाशी भांडलो असतो तरी बरं झालं असतं. मी भांडलो नाही, हळूहळू लांब गेलो. एक रविवार चुकला, मग दोन. बायबलचं अॅप फोनमध्ये होतं, पण उघडत नव्हतो. मम्मी दर रविवारी दुपारी फोन करायची, "गेला होतास का रे चर्चला?" मी म्हणायचो, "हो मम्मी." आणि विषय बदलायचो.

मग 2024 मध्ये एक दिवस ऑफिसात जेवताना एकाने चिडवलं, "काय रे, अजून आरसीबी? सोड की आता!" मी छाती काढून म्हणालो, "मरेपर्यंत!" सगळे हसले. दोनच मिनिटांनी दुसऱ्याने अगदी सहज विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन ना? चर्चला वगैरे जाता का?" आणि मी डब्यात बघत म्हणालो, "नाही रे, नावापुरतं."

त्या रात्री झोप लागली नाही. मला पेत्र आठवला. थंडीची रात्र, अंगणात शेकोटी, आणि एका दासीने साधा प्रश्न विचारला. तिच्या हातात तलवार नव्हती. माझ्यासमोर तर फक्त भाजी-पोळीचा डबा होता.

मी स्वतःला विचारलं : जी टीम दरवर्षी मला रडवते तिला मी सोडलं नाही. मग प्रभूला का सोडलं?

उत्तर मिळायला वेळ लागला, पण मिळालं. टीमशी माझं नातं प्रेमाचं होतं. देवाशी मी व्यवहार मांडला होता. मी प्रार्थना करणार, तू निकाल द्यायचास. निकाल माझ्या बाजूने लागला नाही, तेव्हा मी करार मोडला. आरसीबीशी माझा असला करार कधी नव्हताच. हरले तरी ते माझेच होते.

योहानाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात असाच एक प्रसंग आहे. भाकरी मिळाली तेव्हा हजारो माणसं मागे होती. येशूचं बोलणं कठीण वाटायला लागलं तशी गर्दी पांगली. मग त्याने बारा जणांना विचारलं, तुम्हालाही जायचंय का? पेत्राचं उत्तर मला आता फार जवळचं वाटतं. आम्हाला सगळं समजलं, असं तो म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो की दुसऱ्या कुणाकडे जावं असं कुणी नाहीच.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण टीमचं उदाहरण एका जागी तुटतं. 3 जून 2025 ला आरसीबी जिंकली. अठरा सीझननंतर, पंजाबला 6 रनांनी हरवून. शेवटच्या ओव्हरमध्ये कोहली मैदानात रडला, मी रूमवर रडलो. दुसऱ्या दिवशी बेंगळुरूत स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि 11 जण गेले. त्यातले बरेच माझ्याहून लहान होते. त्यांचे फोटो बघताना माझा आनंद विरून गेला. कप मिळाला होता, पण कप कुणाला उचलून धरू शकत नाही. मी टीमवर कितीही प्रेम केलं तरी टीमला माझं नाव ठाऊक नाही. मेंढपाळाला ठाऊक आहे. पेत्राने तीनदा नाकारलं आणि उठलेल्या प्रभूने समुद्रकिनारी पुन्हा शेकोटी पेटवून त्याला न्याहारीला बोलावलं. निष्ठा आधी त्याची आहे, आपली नंतर.

पुढच्या रविवारी मी मम्मीला फोन केला. म्हटलं, "मम्मी, मी चार वर्षं चर्चला गेलो नाही. तुला खोटं सांगत होतो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं रे. गाणी सुरू झाली की मी तुझ्या वाटचंपण म्हणत होते."

मित्रांनो, मी अजूनही डळमळतो. पप्पा का गेले, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण फॅन म्हणून शिकलेल्या तीन गोष्टी मी आता विश्वासात वापरतो.

एक, हरलेल्या दिवशीही हजर राहायचं. मन लागत नसेल तरी उपासनेला जाऊन मागच्या बाकावर बसायचं. जिंकल्यावर तर सगळेच येतात.

दोन, एकट्याने बघायचं नाही. मॅच एकट्याने बघताना आपण टीव्ही बंद करतो, मित्र असले की शेवटच्या बॉलपर्यंत थांबतो. एक तरी माणूस असा ठेवा, ज्याला "आज माझी प्रार्थना होत नाही" हे सांगता येईल. तुमच्या वाटचं गाणं तो म्हणेल.

तीन, रंग लपवायचा नाही. आपली भांडुपची जेमिमा रॉड्रिग्ज आठवा. 30 ऑक्टोबर 2025, वर्ल्ड कपची सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127. तिने सगळ्यांसमोर येशूचे आभार मानले, आणि त्याच तोंडाने सांगितलं की या दौऱ्यात मी खूप रडले, घाबरले. विश्वास आणि अश्रू दोन्ही एकाच श्वासात. मला ते शतकापेक्षा मोठं वाटलं.

या आठवड्यात एवढंच करा. कुणी सहज विचारलं तर डब्यात बघू नका. "हो, मी येशूचा आहे. अडखळतो, पण त्याचाच आहे," एवढं म्हणा. बास.

आणि चार वर्षं काय, दहा वर्षं लांब असाल तरी किनाऱ्यावर शेकोटी पेटलेली आहे. या.

पुढच्या भागात भेटू. प्रभू तुम्हाला सांभाळो. जय ख्रिस्त!