एक तारीख, अनेक स्मरणे
(दिग्रस येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



भिंतीवरची दिनदर्शिका आपण रोज पाहतो. तिच्यातील एकेका चौकटीत कधी दोन, कधी तीन स्मरणे एकत्र नांदत असतात. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावा, की त्यातून आपल्या घरादारासाठी काही घेण्याजोगे आहे, याचा थोडा विचार आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत.

१ ऑगस्ट ही तारीख घ्या. सन १९२० मध्ये त्या दिवशी रविवार होता. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. भर पावसात अफाट जनसमुदाय लोटला, महात्मा गांधींनी खांदा दिला आणि चौपाटीवर अग्निसंस्कार झाला. असहकाराच्या आरंभासाठी गांधीजींनी हीच तारीख आधीपासून मुक्रर केली होती. त्याच दिवशी त्यांनी ‘कैसर-ए-हिंद’ हे पदक सरकारास परत केले. एक पर्व मावळले आणि दुसरे उगवले, ते एकाच दिवशी. पुढे डिसेंबरात आपल्या नागपुरास भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने त्या चळवळीवर शिक्कामोर्तब केले.

याच दिवशी आणखी एक घटना घडली. तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, एका गरीब मातंग कुटुंबात एक मूल जन्मास आले. कोणते वृत्तपत्र त्याची दखल घेणार? शाळेचे तोंडही ज्याने जेमतेम पाहिले, जो पायी मुंबईस गेला, गिरणीत राबला, तोच पुढे शाहीर अण्णा भाऊ साठे झाला. ‘फकिरा’ त्याने लिहिली आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी त्याची डफावरची थाप गावोगाव घुमली. आज शाळाशाळांतून १ ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती एकाच मेजावर साजरी होते. कोणती तसबीर मध्यभागी ठेवावी, यावरून कुठे कुरबुर झाली तर आम्हांस खेद वाटतो. तारीख कोणा एका ज्ञातीची मिरास नव्हे.

योगायोगाचे फार स्तोम माजवावे, असेही आमचे म्हणणे नाही. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. त्यामुळे घड्याळाने रविवार लागला असला, तरी पंचांगाने तो शनिवारच, आषाढ वद्य प्रतिपदा, शके १८४२. गणनेची रीत बदलली की योगायोगही बदलतो. दिवस स्वतः थोर नसतो; माणसाच्या कर्तृत्वाने तो थोर होतो.

आपल्या जिल्ह्याकडे पाहू. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळास वकिली केली, १९३० मध्ये पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व केले आणि वार्धक्यात लोकमान्यांचे चरित्र संस्कृत श्लोकांत रचले. २६ जानेवारी १९३० रोजी देशाने पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली आणि १९५० मध्ये त्याच तारखेस प्रजासत्ताक आले. १९६८ साली बापूजींनी इहलोक सोडला, तोही २६ जानेवारीसच. झेंडावंदन करताना आपल्या मुलांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते?

आता थोडे घरचे. शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १ जुलै १९१३ रोजी जन्मले. त्यांचा जन्मदिन राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. आमच्या सभासद-नोंदवहीत मात्र १ जुलै ही जन्मतारीख असलेली ज्येष्ठ मंडळी इतकी आहेत, की त्या दिवशी गावातील सुइणींना उसंतच मिळाली नसावी! कारण उघड आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली. आई म्हणाली, “पोळ्याच्या सुमारास, कापूस फुटायच्या आधी”. आणि गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकली. पुष्कळ आजींच्या वाट्याला तर तीही आली नाही. त्यांना शाळाच दिसली नाही.

हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. वाटेगावच्या त्या झोपडीत जन्मलेले मूल कोण होणार, हे त्या रात्री कोणास ठाऊक होते? तसेच आपल्या घरातील मुलामुलींविषयीही आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून आमची विनंती एवढीच, की प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी. तीत जन्म, विवाह आणि मृत्यू तारीख व तिथीसह लिहावेत. मुलींचे आणि सुनांचेही. वडीलधाऱ्यांच्या आठवणी ते असतानाच विचारून घ्याव्यात. पोळा, पूर, दुष्काळ यांच्या खुणेने सांगितलेला काळही तसाच नोंदवावा. खोट्या तारखेपेक्षा खरी खूण बरी.

थोरांच्या तारखा दिनदर्शिका सांभाळील. आपल्या माणसांच्या तारखा आपणच सांभाळल्या पाहिजेत.