परत केलेल्या तिकिटाचा हिशेब



आगगाडीचें तिकीट कसें काढावें हें आतां आपल्या घरांतील बारा वर्षांच्या मुलासहि येतें. तें परत कसें करावें, आणि केल्यावर किती पैसे हातीं यावेत, हें मात्र कर्त्या माणसांसहि नेमकें सांगतां येत नाहीं. लग्नाची तारीख पुढें जाते, घरांत कोणी आजारी पडतें, मुलाची परीक्षा लांबते. तिकीट रद्द होतें, खात्यावर कांहीं रक्कम येऊन पडते, आणि 'रेल्वेनें पैसे खाल्ले' असा शेरा मारून आपण तो विषय संपवितों. मीं छत्तीस वर्षें शाळेंत मुलांस अपूर्णांक व शेंकडेवारी शिकविली. त्या संवयीमुळें कोणतीहि वजाबाकी दिसली कीं ती कोणत्या नियमानें झाली हें पाहिल्यावांचून मला राहवत नाहीं. आज तीच वजाबाकी आपणांपुढें मांडावयाची आहे.

राखीव तिकिटाच्या भाड्यांत दोन वस्तूंची किंमत असते. एक, आपणांस इच्छित स्थळीं नेण्याची. आणि दुसरी, आपल्या नांवानें एक जागा इतरांस नाकारून राखून ठेवण्याची. आपण गेलों नाहीं तर पहिली वस्तु रेल्वेस द्यावी लागत नाहीं हें खरें. पण दुसरी तिनें दिलेलीच असते. ही राखलेली जागा मंडईंतल्या मेथीच्या जुडीसारखी आहे. सकाळीं परत केली तर दुसरें गिऱ्हाईक ती उचलतें. दुपारीं तिचा भाव पडतो. रात्रीं ती कोणाच्याच उपयोगाची नसते. गाडी सुटली कीं रिकामा बर्थ उद्यांसाठीं शिल्लक राहात नाहीं. परताव्याचे बहुतेक नियम या एका गोष्टीवर उभे आहेत, आणि म्हणून त्यांत 'कां रद्द केलें' हें कोणी विचारीत नाहीं. 'केव्हां केलें' एवढेंच विचारलें जातें. घरांत मृत्यु झाला असो वा जाण्याचा सहज कंटाळा आला असो, घड्याळ दोघांसहि सारखेंच. हें कठोर आहे खरें. पण प्रत्येकाचीं कारणें तपासीत बसणारी खिडकी याहून कठोर झाली असती, असें मला वाटतें.

आतां आंकड्यांकडे वळूं. १२ नोव्हेंबर २०१५ पासून जी नियमावली अंमलांत आली, तिनें पक्क्या, म्हणजे आपण ज्यास कन्फर्म म्हणतों त्या, तिकिटासाठीं घड्याळाचे टप्पे पाडले. गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपूर्वीं ४८ तासांहून अधिक अवकाश असतांना तिकीट रद्द केलें, तर दर माणशीं ठराविक रक्कम कापावयाची: वातानुकूलित पहिल्या वर्गास २४० रुपये, टू टायरला २००, थ्री टायर व एसी चेअर कारला १८०, स्लीपरला १२०, आणि बैठकीच्या दुसऱ्या वर्गास ६०. अवकाश ४८ ते १२ तासांचा असेल तर भाड्याची चौथाई. १२ ते ४ तासांचा असेल तर निम्में भाडें. आणि ४ तासांच्या आंत कांहींच परत नाहीं. वातानुकूलित वर्गांत या कपातीवर वस्तु व सेवा कर निराळा.

या कोष्टकांत एक लहानसा शब्द दडलेला आहे, आणि पुष्कळांचा हिशेब चुकतो तो तेथेंच. तो शब्द म्हणजे 'किमान'. चौथाई असो वा निम्में, कपात ही वर सांगितलेल्या ठराविक रकमेहून कमी होऊं शकत नाहीं. हिशेबास सोपें म्हणून असें समजा कीं, स्लीपरचें भाडें माणशीं ४०० रुपये आहे आणि घरांतील चार माणसें निघालीं आहेत. एकूण १६०० रुपये झाले. तीन दिवस अगोदर तिकीट रद्द केलें तर चार वेळां १२०, म्हणजे ४८० रुपये गेले. आदल्या दिवशीं रद्द केलें तर ४०० ची चौथाई १०० होते. पण १०० हे १२० हून कमी, म्हणून कापले जाणार १२० च. पुन्हां ४८०! म्हणजे धांवपळ करून लौकर रद्द करणाऱ्यास एक पैचाहि लाभ झाला नाहीं. गाडीस आठ तास उरले असतां रद्द केलें तर मात्र माणशीं २००, एकूण ८०० रुपये गेले. हेंच कुटुंब थ्री टायरचें १२०० रुपयांचें तिकीट काढतें, तर माणशीं कपात १८०, ३०० आणि ६०० अशी, कर वगळून, चढत गेली असती. तेथें प्रत्येक टप्पा टोंचतो. ज्या भाड्याची चौथाई ठराविक रकमेहून अधिक भरते त्यासच पहिल्या दोन टप्प्यांतील भेद लागूं. स्लीपरच्या बाबतींत ही सीमा ४८० रुपयांची.

यांत मला एक अन्याय दिसतो, तो बोलून दाखवितों. जवळच्या गांवीं जाणाऱ्या माणसाचें स्लीपरचें भाडें दीडशे रुपये असेल, तर कितीहि आधीं तिकीट परत करा, हातीं तीस रुपये पडावयाचे. शेंकडा ८० गेले. बाराशे रुपये देऊन गार डब्यांतून जाणारा वेळेवर रद्द करतो तेव्हां त्याचे १८० जातात, म्हणजे शेंकडा १५. जागा दोघांनींहि सोडली, दोघांनींहि वेळेवर सोडली. ठराविक रकमेचा नियम दिसावयास समान असतो. पण तो थोड्या भाड्यावर जड बसतो. लहान अंतरासाठीं ही कपात भाड्याच्या प्रमाणांत असावयास पाहिजे होती, असें माझें स्पष्ट मत आहे.

त्या नियमावलींतील चार तास कोठून आले, हेंहि पाहण्यासारखें आहे. त्या काळीं गाडीचा पहिला तक्ता, म्हणजे चार्ट, सुटण्यापूर्वीं सुमारें चार तास तयार होत असे. तक्ता झाला कीं प्रतीक्षायादींतील पुढच्या माणसास जागा देण्याची मुख्य संधि संपली. म्हणून परताव्याचें दारहि तेथेंच बंद. पुढें जुलै २०२५ पासून तक्ता आठ तास अगोदर करण्यास आरंभ झाला. जानेवारी २०२६ मध्यें वंदे भारत शयनयान गाडी सुरू झाली, तिला तर पहिल्यापासूनच कडक नियम लावले गेले: ७२ तासांहून अधिक अवकाश असला तरी चौथाई जाणार, ७२ ते ८ तासांत निम्में, आणि आठ तासांच्या आंत शून्य. म्हणजे घड्याळाचे कांटे प्रवाशाच्या विरुद्ध दिशेनें सरकत आहेत. म्हणून माझी श्रोत्यांस विनंति आहे कीं, २०१५ चें कोष्टक किंवा एखाद्या मित्राचा गेल्या वर्षींचा अनुभव प्रमाण मानूं नये. ज्या गाडीचें तिकीट काढाल त्या गाडीचें त्या दिवशींचें कोष्टक पाहावें, आणि जेथून पैसे बुडतात ती वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आमच्या घरीं ती दुधाच्या हिशेबाशेजारीं लिहिलेली असते.

आतां प्रतीक्षायादी, म्हणजे वेटिंग. येथें जागा मिळालेलीच नसते, म्हणून वरची चढती कपात लागूं होत नाहीं. माणशीं ६० रुपये कारकुनी आकार, ज्यास क्लर्केज म्हणतात, तेवढाच वजा होतो. ज्याला रेल्वेनें कांहींच दिलें नाहीं त्याच्याकडून साठ रुपये कां घ्यावेत, हा प्रश्न मला समंजस वाटतो. कारकुनीचें काम आतां बहुतांशीं यंत्र करतें, आणि यंत्रास तर कोणी पगार देत नाहीं. पण साठ रुपयांहून मोठी हानि दुसरीकडेच होते, आणि ती बहुधा वडील माणसांची होते. घरबसल्या मोबाईलवर काढलेलें ई-तिकीट तक्ता होईपर्यंत संपूर्ण वेटिंगमध्येंच राहिलें, तर तें आपोआप रद्द होतें आणि पैसे आपोआप खात्यावर येतात. खिडकीवर रांगेंत उभें राहून काढलेल्या छापील तिकिटाचें तसें नाहीं. तें गाडी सुटण्याच्या ठरलेल्या वेळेपूर्वीं अर्ध्या तासापर्यंत आपण स्वतः परत केलें पाहिजे. मुलाचे पैसे आपोआप आले म्हणून आपलेहि येतील अशा भरंवशावर एखादे आजोबा तें कागदी तिकीट पाकिटांत जपून ठेवतात, आणि तें पाकिटांतच राहतें. ज्यांस स्टेशन दूर पडतें त्यांनीं १३९ या क्रमांकावर दूरध्वनि करून किंवा संकेतस्थळावर असें तिकीट वेळेंत रद्द करावें. पैसे घेण्यासाठीं मात्र खिडकीवर जावेंच लागतें.

कुटुंबाच्या एकत्र तिकिटाची एक सवलत मला फार शहाणपणाची वाटते, आणि ती फार थोड्यांस ठाऊक आहे. एकाच तिकिटावर चार नांवें आहेत. दोघांस जागा मिळाली, दोघें वेटिंगमध्यें राहिलीं. आई आणि धाकटी मुलगी बर्थवर, आणि वडील व मुलगा दारांत उभे, असा प्रवास कोण करणार? अशा वेळीं कोणीच जावयाचें नाहीं असें ठरलें, तर गाडीच्या ठरलेल्या वेळेपूर्वीं अर्ध्या तासापर्यंत तिकीट रद्द करतां येतें, आणि ज्या दोघांची जागा पक्की झाली होती त्यांच्याहि भाड्यांतून केवळ कारकुनी आकारच कापला जातो. चौथाई नाहीं, निम्में नाहीं. तक्ता झाल्यावर हें काम टी. डी. आर. नांवाच्या अर्जानें होतें. म्हणून एकत्र जाणाऱ्यांनीं शक्य तों एकाच तिकिटावर नांवें घालावीं. दोन निरनिराळीं तिकिटें काढलीं कीं हें संरक्षण गेलें.

तत्काळ तिकिटाविषयीं थोडक्यांत. पक्कें झालेलें तत्काळ तिकीट आपण होऊन रद्द केलें तर कांहीं मिळत नाहीं. वेटिंगमध्यें राहिलें तर नेहमींच्या नियमानें मिळतें.

येथवर आपण माघार घेतली त्याचा विचार झाला. परंतु रेल्वेच माघार घेते तेव्हां काय? तेव्हां पारडें फिरतें. गाडीच रद्द झाली तर संपूर्ण भाडें परत. ई-तिकिटास अर्जहि नको, खिडकीच्या तिकिटास तीन दिवसांची मुदत. मार्च २०२० मध्यें देशांतील प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हां ही मुदत वाढवीत वाढवीत सहा महिने आणि पुढें नऊ महिने केली गेली, कारण लोकांस घराबाहेरच पडतां येत नव्हतें. पुरानें वा अपघातानें गाडी वाटेंतच खुंटली आणि रेल्वे पुढें नेऊं शकली नाहीं, तर झालेल्या अंतरासकट सगळें भाडें परत मागतां येतें. आपल्याकडे पावसाळ्यांत हा प्रसंग काल्पनिक नाहीं. जुलै २०१९ मध्यें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकून सुमारें हजार प्रवाशांस बाहेर काढावें लागलें होतें. वातानुकूलन यंत्र बंद पडलें तर जेवढ्या अंतरांत तें बंद होतें तेवढ्यापुरता भाड्यांतील फरक मिळतो; ई-तिकिटासाठीं गाडी पोंचल्यापासून २० तासांच्या आंत अर्ज झाला पाहिजे. बहुतेक लोक घरीं पोंचतात, स्नान करतात, झोंपतात, आणि दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं रागावून पत्र लिहितात. तोंवर मुदत गेलेली असते.

उशिराच्या गाडीचा नियम तर अधिक विचित्र आहे. गाडी तीन तासांहून अधिक उशिरा सुटणार असेल आणि आपण तीमधून गेलों नाहीं, तर पूर्ण भाडें परत, तत्काळचेंहि. पण अर्ज गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वीं केला पाहिजे. म्हणजे सामानावर बसून, झोंपाळू मुलें सांभाळीत, फलाटावरच्या गोंगाटांत प्रवाशानें हा निर्णय घ्यावा आणि तेथेंच मोबाईलवर अर्ज भरावा, अशी अपेक्षा आहे. गाडी उशिरा आहे हें रेल्वेस प्रवाशाहून आधीं कळतें, आणि तो चढला नाहीं हें तिकीट तपासनीसाच्या हातांतील यंत्रास कळतें. मग अर्जाचा भार प्रवाशावर कां? गाडी रद्द झाल्यावर जें आपोआप होतें, तें येथेंहि होण्यास कांहीं अडचण असावी असें मला दिसत नाहीं.

शेवटीं दोन लहान गोष्टी. जाणारा माणूस बदलला म्हणून तिकीट रद्द करण्याची घाई करूं नये. पक्कें तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पति वा पत्नी यांच्यापैकीं कोणाच्याहि नांवें करून घेतां येतें. गाडीपूर्वीं २४ तास अगोदर, नात्याचा पुरावा घेऊन, आरक्षण कार्यालयांत लेखी अर्ज द्यावा लागतो. आणि ई-तिकिटाचे पैसे ज्या खात्यांतून भरले त्याच खात्यांत परत जातात. संकेतस्थळाचें सुविधा शुल्क त्यांत धरूं नये, तें परत येत नाहीं. भाच्यानें आपल्या खात्यांतून तिकीट काढून दिलें असेल, तर पैसे भाच्याकडे गेले आहेत. ते मिळावेत म्हणून 'आम्ही परतावा विभागांतून बोलतों' असें सांगून गुप्त आंकडा विचारणाऱ्या कोणा परक्यास कांहींहि सांगूं नये. भाच्यास विचारावें.