भाषण कसे ऐकावे?



गिरणीच्या गेटसभेत मी पुष्कळ वक्ते ऐकले. आवाज चढला की टाळी पडते. पण टाळी कशाला वाजवली, हे घरी गेल्यावर सांगता येत नाही. अॅरिस्टॉटल नावाच्या ग्रीक पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे की, वक्ता तीन वाटांनी मन वळवतो. बोलणाऱ्यावरचा विश्वास, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद.

बाबासाहेबांचे १५ ऑक्टोबर १९५६ चे नागपूरचे भाषण घ्या. आदल्याच दिवशी लाखोंनी दीक्षा घेतलेली. नुसता जयघोष केला असता तरी चालले असते! पण ते हिशेबावर आले. मेलेली जनावरे ओढणे सोडले तर कातडी-शिंगांचे उत्पन्न बुडेल, असे 'केसरी'त कोणी मांडले होते. बाबासाहेबांचे उत्तर असे की, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या ना! पोटाचा सवाल टाळला नाही, तो निकालात काढला आणि इज्जतीचे बोलले. आणि बोलणारा कोण? १९३५ साली येवल्यात दिलेला शब्द एकवीस वर्षांनी खरा करणारा माणूस.

आता आपल्या वस्तीत मत मागायला येणारे पाहा. गळ्यात निळा रुमाल, फोटोला हार, डोळ्यात पाणी. अहो, रुमाल तर खामगावच्या बाजारातही भेटतो! त्याले विचारा, पाच वर्षं कुठं होता? नळाचं काय झालं?

मायबहिणींनो, पुढच्या सभेत तुम्ही पुढं बसा. किराण्याचा हिशेब आमच्यापेक्षा तुमच्याच ध्यानात राहतो.