भाऊबीजेची फेरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्षाचा अहवाल चिटणीसबाईंनी इतका चोख वाचला आहे, की माझ्या वाट्याला आकडे उरलेच नाहीत. आपल्या मंडळाचे वर्ष दिवाळीला संपते आणि शेवटचे काम भाऊबीज फंडाच्या फेरीचे असते. त्या फेरीविषयीच चार शब्द बोलते.

यंदा कार्यकारिणीत अशी सूचना आली, की दारोदार हिंडण्याची दगदग आता पुरे. सर्वांच्या हातांत मोबाईल आहे. निरोप धाडावा, ज्याने त्याने घरबसल्या पैसे पाठवावे. सुचवणाऱ्या भगिनींचा हेतू चांगला आहे. तिसरा जिना चढताना माझे गुडघेही त्यांच्याच बाजूचे असतात. तरीपण मला या सूचनेला विरोध करायचा आहे.

आपण वर्गणी गोळा करतो ती अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेसाठी, हे सर्वांना ठाऊक आहेच. अण्णांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याची वाट धरायची, असा त्यांचा क्रम असे. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले आश्रमासाठी गावोगाव हिंडल्या. १९१८ साली तर त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचे, ओळखीचे कोणी नाही. परक्यांच्या घरी घरकाम करून दिवस काढले. दार वाजवायला त्यांना संकोच वाटला नसेल असे नाही. पण विधवेने शिकावे ही गोष्टच ज्यांना पटत नव्हती, त्यांच्यापुढे उभे राहून बोलणे हेच निम्मे काम होते. पैसे त्यानंतरचे.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मागल्या आळीतील चाळ माझ्याकडे होती. तळमजल्यावरच्या एका खोलीत पोळ्या लाटून पोट भरणाऱ्या बाई राहत. त्यांच्याकडे काय मागायचे, असे मनाशी म्हणून मी ते दार टाळले आणि वर आपण किती समजूतदार, असेही मला वाटले! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाई आमच्या दारात. हातात दहा रुपयांची नोट, घडी घालून घालून मऊ झालेली.

"वहिनी, आमचं दार दिसलं नाही का तुम्हांला?"

मी काहीतरी सारवासारव केली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "माझी भाची तिकडं वसतिगृहात राहून शिकली. ओवाळणी घालायला मला भाऊ असायलाच हवा का?"

पावती लिहिताना माझे अक्षर नीट येईना. कोण देणारे आणि कोण घेणारे, हे मी घरबसल्याच ठरवून टाकले होते. मोबाईलवरचा निरोप तरी दुसरे काय करील? ज्यांचे नंबर आपल्याकडे आहेत त्यांनाच तो जाईल. त्या बाईंचा नंबर आपल्यापैकी किती जणींकडे होता?

आणखी एक. फेरी आटोपल्यावर आपण कुणाच्या तरी माजघरात सतरंजीवर बसून नाणी वेगळी करतो, चहा होतो, चिवड्याची पहिली परात आपल्यावरच उतरते. कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, कुणाची मुलगी दहावीनंतर घरी बसली, हे आपल्याला त्या रात्री कळते. गेल्या वर्षी अशाच एका मुलीची फी आपण भरली. त्यासाठी कोणी अर्ज केला नव्हता. फेरीत तिच्या आईशी उंबऱ्यावर बोलणे झाले, एवढेच.

परगावी गेलेल्यांनी अवश्य मोबाईलवरून पाठवावे. त्याला माझी ना नाही. ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांनी तळमजले घ्यावे. मीही आता तेच घेणार आहे. पावतीपुस्तके खजिनदारबाईंकडे आली आहेत. धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी दुपारी चारला आपण देवळापाशी जमू. पायांत जुन्या, सवयीच्या चपला घालून याव्यात. आणि मागल्या आळीतील ती चाळ यंदाही माझ्याकडेच ठेवावी, अशी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे.